सगळ्या जावयांचं एकच नाव

सासऱ्यांनी मला एकदा तरी शिवी द्यावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. हे वाचून कुणी मला वेड्यात काढेल, पण त्यानं आधी आमच्या भागात जावई होऊन बघावं. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी कबनूरला सासुरवाडीत पाऊल टाकलं की पंख्याखालची खुर्ची रिकामी होते. टीव्हीचा आवाज खाली येतो. मांडी घालून हसत-खिदळत बसलेली माणसं शाळेत साहेब आल्यासारखी सरळ होतात. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मामा मला 'पावणं' म्हणतात. रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या परक्या माणसालाही ते पावणंच म्हणतात, ही त्यातली बोच.

माझं स्वतःचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. तिथं मायेची भाषाच वेगळी. तालमीतला मित्र आधी खानदान काढतो आणि मग चहा सांगतो. आई मला जेवायला हाक मारते तीच 'मुडद्या' म्हणून. अशा हवेत वाढलेल्या माणसाला कुणी 'बसा, पाणी घ्या, प्रवास बरा झाला न्हवं?' असं विचारलं की आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायला लागतं. शिवाजी पेठेतून तासाभरावरच्या कबनूरला जाण्याला प्रवास म्हणणं हाही अपमानच आहे.

मामांना शिव्या येत नाहीत असं मुळीच नाही. घरामागेच त्यांचा मागांचा कारखाना. यंत्रमागांच्या खडखडाटात सगळा जन्म गेल्यामुळे त्यांचा आवाज कायम वरच्या पट्टीत. कामगार, सूत देणारा व्यापारी, मीटर बघायला येणारा माणूस, दारातलं कुत्रं, कुणालाच त्यांनी कधी सोडलेलं नाही. माझा मेहुणा, म्हणजे त्यांचा सख्खा मुलगा, तर सकाळी शिवी खाल्ल्याशिवाय आंघोळीला जात नाही. मी समोर असलो की मात्र मामांचा सूर उतरतो. एखादी शिवी ओठांवर आलीच, तर स्वयंपाकघराच्या दारातून मामी हलकेच म्हणतात, "ब्याड." त्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. माझ्याशी मराठी, आणि माझ्यापासून लपवायचं असेल ते कन्नड. ब्याड म्हणजे नको. एवढा एक शब्द मला कळतो, आणि तो नेमका माझ्या वाट्याच्या शिव्या अडवण्यासाठीच वापरला जातो.

मी शाहूपुरीत पंपांच्या एका दुकानाच्या वर असलेल्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितो. सासुरवाडीत समज असा, की हा कॉम्प्युटरमधला मोठा माणूस. हा समज दूर करण्याचा मी कधीही प्रयत्न केला नाही. उलट कुणाचा मोबाईल अडकला, की मी तो हातात घेऊन भुवई उंचावायचो, बंद करून परत चालू करायचो आणि गंभीर चेहऱ्यानं परत द्यायचो.

यंदा धोंड्याचा महिना येणार होता. दर तिसऱ्या वर्षी येणाऱ्या या जादा महिन्यात जावयाला देवाच्या जागी बसवतात, पुरणाचे धोंडे करून घालतात, आहेर करतात. शाहूपुरीतल्या एका कापड दुकानदाराच्या डोक्यात कल्पना आली, की जावयाचं नावच विणलेला टॉवेल काढला तर? नाव छापलेलं नको, भरतकाम केलेलं नको, काठातच विणलेलं हवं. मामांकडे असे काठ विणणारे माग आहेत. त्यांनी शब्द दिला, की महिना लागायच्या आत माल दुकानात पोचेल. मामांचा शब्द म्हणजे काय असतो, हे त्या भागात कुणालाही विचारावं.

अडचण एकच होती. प्रत्येक टॉवेलावर नाव वेगळं. एकेक नाव कॉम्प्युटरवर ठिपक्या-ठिपक्यांनी काढून मागाला द्यायचं म्हटलं, तर मेहुणा पुढच्या धोंड्यापर्यंत उठला नसता. मी पंख्याखालच्या खुर्चीतून म्हणालो, "त्यात काय? मी प्रोग्रॅम लिहून देतो. इकडून नाव टाकायचं, तिकडून डिझाईन बाहेर."

मामा माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमाला कशाला तरास, पावणं?"

पण मी हट्टच धरला. मला त्या घरात काम हवं होतं. काम मिळालं की चूक होणार, चूक झाली की शिवी मिळणार आणि त्या खुर्चीतून माझी सुटका होणार, असा काही हिशेब तेव्हा डोक्यात नव्हता. तेव्हा मला फक्त कौतुक हवं होतं. माणसानं इतकं हावरट असू नये.

प्रोग्रॅम झाला. मराठी नावं सुरेख उमटली. सीमेकडच्या काही गिऱ्हाइकांनी कन्नडमध्ये नावं दिली होती, तीही उमटली. मग दुकानदाराचा फोन आला. पुण्या-मुंबईच्या जावयांची नावं लोक इंग्रजीत देतात, कुणी छोट्या लिपीत, कुणी अर्धं छोटं अर्धं मोठं. त्यातून छोट्या 'जी' आणि 'वाय'च्या शेपट्या काठाच्या खाली लोंबतात. तेव्हा इंग्रजी सगळं कॅपिटलमध्ये करा. मी म्हणालो, एका ओळीचं काम आहे. आमच्या धंद्यात हे वाक्य उच्चारणाऱ्या माणसाच्या आसपास थांबू नये. मी खरोखरच एक ओळ घातली, माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितली, मेहुण्याला पाठवली आणि कबनूरच्या बाजूला तोंड करून मनातल्या मनात सत्कार स्वीकारला.

मेहुण्यानं फोनवर विचारलं होतं, "दाजी, हितल्या कॉम्प्युटरवर एकदा बगायचं का?"

"माझ्याकडे चाललंय," मी म्हणालो.

त्यानंतरच्या रविवारी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कबनूरला गेलो. कौतुक करून घ्यायला जाताना माणसानं नीट दिसावं. खुर्ची, पाणी, चहा, चिवडा असं सगळं क्रमानं आलं. टॉवेलाचा विषय मात्र कुणी काढेना. मी काढला, तर मेहुणा छताकडे बघायला लागला आणि मामी आत गेल्या. मामा म्हणाले, "हुतंय की काम. तुमी चिवडा खावा."

शेवटी मीच उठून कारखान्यात गेलो. मागोमाग सगळे. भिंतीला लागून टॉवेलांची छातीएवढी थप्पी होती, आणि मागांवर आणखी विणणं चालूच होतं. मी वरचा टॉवेल उलगडला. पांढऱ्या टॉवेलाच्या निळ्या काठात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चौकोन होते. एकाला एक लागून, रिकामे, नीटस चौकोन. मी टॉवेल उलटा धरलाय की काय म्हणून फिरवून बघितला. चौकोन फिरूनही चौकोनच राहिले. दुसरा उलगडला. तिसरा उलगडला. कुणाची रांग लांब, कुणाची आखूड, एवढाच फरक.

"हे काय आहे?" मी ओरडलो. मागांच्या आवाजात ओरडावंच लागतं, पण मी माग नसते तरी ओरडलो असतो.

मेहुणा म्हणाला, "तुमीच पाठवलंय न्हवं, दाजी?"

"अरे, पण नावं कुठं आहेत?"

"आमाला वाटलं, नवीन डिझाईन आसंल."

मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर पुढे आला आणि माझी समजूत काढायला लागला. "विणाय सोपं हाय बगा, साहेब. एक धागा तुटला न्हाय." मामांनीही मान डोलवली. "दिसतंय की झकास," ते म्हणाले. "सगळ्या जावयांचं एकच नाव. भांडान न्हाय, तंटा न्हाय."

मग हळूहळू सगळा प्रकार बाहेर आला. पहिल्याच टॉवेलावर चौकोन उमटले तेव्हा जॉबरनं मेहुण्याला विचारलं होतं. मेहुण्यानं मामांना विचारलं. मामांनी टॉवेल घरात नेला आणि मामींपुढे धरला. घरात कन्नडमध्ये बैठक झाली. पावण्यांनी एवढं मन लावून केलंय. त्यांना 'चुकलंय' म्हणून फोन कुणी करायचा? जावयाला असं म्हणतात का कधी? त्यातून धोंड्याचा महिना तोंडावर. शिवाय शिकलेला माणूस आहे, काहीतरी इचार करूनच केलं असंल. बैठकीत ठरलं, की पावणं म्हणतील तसं विणायचं. आणि ही माणसं, ज्यांनी एका चुकीच्या धाग्यासाठी अख्खा दिवस माग बंद ठेवल्याचं मी पाहिलंय, ती माझ्या मानापायी दिवसच्या दिवस चौकोन विणत राहिली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "मामा, हे चुकलंय. साफ चुकलंय. माझी चूक आहे. हे सगळं परत विणावं लागेल."

मामांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. गळ्याची शीर वर आली. मी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांनी तो क्षण आला होता.

"ब्याड," दारातून आवाज आला.

मामा एक श्वास घेऊन टाचेवर वळले आणि मेहुण्यावर तुटून पडले. "आरं मुडद्या! डोळं हायती का भोकं पाडल्याती? नाव आनि चौकोन कळंना तुला? माज्या शब्दाची माती केलास की रं! मान्सानं एकदा तरी इच्यारावं न्हाय? का अक्कल गहाण टाकून आलास?" बराच वेळ चाललं. त्यातला शब्द न् शब्द माझ्या मापाचा होता. मेहुणा मान खाली घालून माझा माल घेत राहिला, आणि मी इस्त्रीच्या शर्टात उभा राहून त्याचा हेवा केला. शिव्या संपल्या तेव्हा मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी काय मनाला लावून घिऊ नगासा, पावणं. च्या घेनार?"

मी लॅपटॉप उघडला. त्याच्यावर नावं अगदी बरोबर दिसत होती. बायकोला फोन लावून सांगितलं, की बघ, माझ्याकडे तर बरोबर दिसतंय. ती कोल्हापुरातच राहिली होती आणि तिला या चौकोनांचा पत्ताच नव्हता, कारण तिला कळवलं असतं तर तिनं मला सांगितलं असतं. ती म्हणाली, "मग लोकांनी तुमच्या लॅपटॉपनं अंग पुसायचं का?"

तेव्हा कुठं मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसलो. झालं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण लाज थोडक्यात सांगितलेली बरी. इंग्रजीचं एक अक्षर कॉम्प्युटरच्या पोटात एका खणात मावतं. त्या खणाला आम्ही बाइट म्हणतो. मराठीच्या प्रत्येक अक्षराला, अगदी काना-मात्रेलाही, तीन खण लागतात. कन्नडलाही तीनच. माझी ती एक ओळ प्रत्येक खण सुटा उघडायची, आत छोटं अक्षर दिसलं की मोठं करायची आणि पुढे जायची. हा खण एकटा आहे की कुणाचा तिसरा हिस्सा आहे, हे विचारायची तिला सवय नव्हती. माझ्या लॅपटॉपवर ती फक्त इंग्रजी अक्षरांना हात लावायची. कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरची सेटिंग मात्र युरोपातल्या भाषांची होती. तिकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला एक छोटा 'ए' असतो. त्याचा जो आकडा, नेमका तोच आकडा मराठी आणि कन्नडच्या प्रत्येक अक्षराच्या पहिल्या खणात बसलेला असतो. माझ्या ओळीला वाटलं, हा फ्रेंच 'ए' आहे. तिनं तो मोठा केला. पहिला खण असा बिघडल्यावर मागच्या दोघांना काही अर्थ उरला नाही, आणि ज्याचा अर्थ लागत नाही तिथं कॉम्प्युटरनं चौकोन काढला. एका अक्षराचे तीन चौकोन. इंग्रजी नावं तेवढी ठणठणीत.

यातला खरा विनोद पुढेच आहे. ऑफिसात नवीन मुलं आली की मी त्यांना एक भाषण द्यायचो. आपल्या लिपीत छोटं अक्षर नाही आणि मोठं अक्षर नाही, सगळी अक्षरं समान, असं म्हणून मी छाती फुगवायचो. आणि जिथं मोठं-छोटं नाहीच, त्या लिपीतलं प्रत्येक अक्षर मोठं करायला मीच निघालो होतो. ओळ बदलायला फार वेळ लागला नाही. आता ती खणाकडे न बघता अख्खं अक्षर ओळखायची, इंग्रजी असेल तरच मोठं करायची, बाकीच्यांच्या वाटेला जायची नाही. या वेळी मी आलेलं प्रत्येक नाव त्याच जुन्या कॉम्प्युटरवर बघितलं, मराठी, कन्नड, सगळं.

माग पुन्हा सुरू झाले. पुढचे कितीतरी दिवस मी शाहूपुरीतून सुटलो की थेट कबनूर गाठायचो. मला काहीतरी करायचं होतं. टॉवेलांचा गठ्ठा उचलायला वाकलो, तर चौघांनी धावत येऊन तो माझ्या हातातून काढून घेतला. झाडू हातात घेतला, तर मामी अक्षरशः घाबरल्या. शेवटी कारखान्यातही एक खुर्ची आणून ठेवली गेली, आणि वर पंखा नसल्यामुळे एकानं पुठ्ठ्यानं वारा घालायला सुरुवात केली.

एका संध्याकाळी मामा स्वतः दुकानदाराकडे गेले. माल थोडा उशिरा येईल, पण महिना लागायच्या आत येईल, असं सांगायला. दुकान माझ्या ऑफिसजवळच, म्हणून मीही सोबत गेलो. सगळं कबूल करायची मनाची तयारी करून गेलो होतो. मी तोंड उघडणार तोच मामा म्हणाले, "काय सांगू शेट, आमचं मागच धड चालंनात. जुनं झाल्यात. बिघाड हुतोय."

ज्या मागांबद्दल ते वाईट बोलणाऱ्याला उंबऱ्याबाहेर काढायचे, त्यांना त्यांनी माझ्यासाठी चारचौघांत बदनाम केलं. परतताना गाडीवर ते माझ्यामागे बसले होते आणि मला रडू येत होतं. हेल्मेटमुळे निभावलं.

माल वेळेत पोचला. नावं सुरेख आली, असा दुकानदाराचा निरोप आला. मामांचा शब्द राहिला. मी मात्र होतो तिथंच, पंख्याखाली.

चौकोनांच्या टॉवेलांचं काय झालं, हे मला कुणी सांगितलं नाही. पण जेव्हा जेव्हा जायचो, तेव्हा गाडीचा आवाज येताच घरात एकदम धावपळ ऐकू यायची. एकदा न कळवता गेलो, तर दोरीवर ओळीनं टॉवेल वाळत होते आणि मामी भराभर ते ओढून घेत होत्या. जॉबरच्या खांद्यावर एक होता, तो त्यानं घाईनं शर्टात कोंबला. अख्खं कबनूर माझ्या चौकोनांनी अंग पुसत होतं, आणि मी आलो की लपवत होतं. कुणी एका माणसानं जरी माझ्यासमोर त्यात नाक शिंकरलं असतं, तरी मला बरं वाटलं असतं.

मग आमचं धोंड्याचं जेवण आलं. घर पाहुण्यांनी भरलं होतं. बायकोचे काका-काकू, आत्या, शेजारी, सगळे. पुरणाचा वास सुटला होता. मला पाटावर बसवलं, पुढे परात ठेवली. आता सासू-सासऱ्यांनी जावयाचे पाय धुवायचे. मी म्हणालो, राहू दे, माझ्याच्यानं बघवणार नाही. कुणी ऐकेना. मामींनी तांब्यातून माझ्या पायांवर पाणी घातलं आणि धोंडे तळायचे म्हणून लगबगीनं आत गेल्या. मामा गुडघा धरून खाली बसले. त्यांचे गुडघे दुखतात. ज्या माणसाच्या शब्दाची मी जवळजवळ माती केली होती, तो माणूस माझ्या पायांवरून हात फिरवत होता, आणि सगळी मंडळी कौतुकानं बघत होती.

पाय धुऊन झाले. पुसायला मामींनी नवाकोरा टॉवेल तबकात ठेवला होता, माझं नाव विणलेला, मराठीत, एकही अक्षर न हरवलेला. मामांनी तो बाजूला सारला. खांद्यावरचा मळकट टॉवेल ओढला आणि माझ्या पायांवर टाकला. निळ्या काठात चौकोनांची लांबलचक रांग होती.

मी दचकून पाय मागे घेतला.

मामांनी माझा घोटा पकडला, चांगला घट्ट. मान वर न करता त्यांनी आवाज खाली आणला. मागांजवळ जन्म काढलेल्या माणसाचा खाली आणलेला आवाज जितका खाली येतो, तितकाच.

"पाय हलवू नगंस, गाडवा," ते म्हणाले. "तुज्याच नावाचा हाय."

स्वयंपाकघरातून मामींचा 'ब्याड' आला, पण उशिरा आला. खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी पाय हलवला नाही.